बाबांसाठी सजवलेली जीप

मंडळींनो, आज मन थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

बाबांची नजर झपाट्याने जातेय. ती पूर्ण जाण्याआधी त्यांना बेटाच्या दक्षिण टोकावरच्या ग्री ग्रीचा खवळलेला समुद्र पाहायचा होता, तिथेच एक रात्र काढायची होती. बसचे धक्के त्यांना झेपत नाहीत. म्हणून मी आणि माझी बायको शीला उसाच्या इस्टेटीतून बाद झालेली जुनी जीप तयार करत होतो. मागच्या सीट काढून पलंगाच्या फळ्या बसवल्या. साखरेच्या रिकाम्या गोण्यांची गादी शिवली. छपराला ताडपत्री बांधली.

आज निघण्याआधी सामान भरून आमच्या लालमती गावाच्या उसाच्या शेतांतल्या वाटेवर एक फेरी मारली. पहिल्याच खड्ड्यात कडाड आवाज झाला आणि जीप मधोमध वाकली.

गावातल्या वेल्डरला बोलावलं. तो जीपखाली शिरून बाहेर आला. "फिनी, भाऊ, संपलं हिचं. चासी पार गंजलीय. जोडायला लोखंडच उरलं नाही."

घरी आलो तर बाबा चपला घालून ओट्यावर बसलेले. "निघायचं ना?"

शीलाने सगळं सांगितलं. बाबांनी चपला काढून बाजूला ठेवल्या.

"बरं," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "मग समुद्र कसा दिसतो, ते तूच सांग मला."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो. तुम्ही काय सांगितलं असतं?