गालिनाबाईंची दाराजवळची बॅग

रशियन बाई, शारजा, दाराजवळ कायम भरून ठेवलेली बॅग... म्हणजे तुम्ही आत्तापर्यंत गुप्तहेर धरून बसला असाल. सॉरी हां. गालिनाबाई पासष्टीच्या होत्या, गुडघे धरून जिना चढायच्या, आणि तिथल्या रोल्ला भागातल्या आमच्या कार्गो ऑफिसात खोक्यांवर रशियन अक्षरांत पत्ते लिहायच्या. त्यांना जाऊन महिना झाला.

बातमी आमच्या मॅनेजरनी, राणेसाहेबांनी दिली. "पक्या, तुझी बाई गेली रे. खुर्चीत बसल्या बसल्या. अंगात लोकरीचा कोट, मांडीवर बॅग. फोनवर उशी, नळ चालू." मग माझ्याकडे टक लावून म्हणाले, "खरं सांग, परत दार वाजवायला गेला होतास काय?"

नव्हतो. देवाशप्पथ नव्हतो. पण त्यांनी विचारलं, त्याला कारण आहे.

मी देवरुखचा. हेडमास्तरांचा आवाज काढून अख्खा वर्ग घरी सोडायचो. ऑफिसात कधी राणेसाहेब व्हायचो, कधी आमचा अरबी मालक, "यल्ला, खलास!" सगळे हसायचे. गालिनाबाई नाही. त्या आधी दाराकडे बघायच्या, मग कोण कोण हसतंय ते बघायच्या. घरी तर आणखी तऱ्हा. मनातलं काही बोलायचं झालं की फोनवर उशी ठेवायची, नळ सोडायचा, मगच कुजबुजायचं. त्यांचा तो जुना कम्युनिस्ट देश मोडून सात-आठ वर्षं झाली होती. "बाई, इथे कोण ऐकतंय?" म्हटलं की म्हणायच्या, "जो ऐकतो, तो सांगतो का तुला?"

एका शुक्रवारी दुपारी माझ्या डोक्यात किडा वळवळला. एका रशियन गिऱ्हाइकाकडून "दार उघडा, तपासणी आहे" एवढं पाठ केलं, आवाज जाड केला आणि त्यांच्या दारावर तीन थापा मारल्या. वाटलं, किंचाळतील, मग हसतील. आतून काहीच नाही. मग कपाट उघडल्याचा आवाज. मग दार... बाहेर आग ओकणारं ऊन, आणि बाईंच्या अंगात गुडघ्यापर्यंत कोट, हातात बॅग, डोळे खाली. मला बघितलंच नाही. मुकाट जिना उतरायला लागल्या. मी ओरडतोय, "बाई, मी आहे, पक्या!" आणि त्या आपल्या एकेक पायरी उतरतायत. खालच्या मजल्यावर हात धरला, तेव्हा थांबल्या.

त्यानंतर ऑफिसात मी एकही आवाज काढला नाही.

बॅग घ्यायला कुणीच आलं नाही, म्हणून माझ्याकडे आहे. दाराजवळच ठेवलीय. आत साबण, साखरेचे खडे आणि लोकरीचे मोजे. दोन जोड. एक बाईंचा, विरलेला. दुसरा नवाकोरा, घरी विणलेला, नऊ नंबरच्या पायाचा. माझा पाय नऊ नंबरचा.

तो जोड हातात घेतला आणि त्या दुपारी वर आणल्यावर खाल्लेल्या शिव्या आठवल्या. फोनवर उशी ठेवून, नळ सोडून, मोडक्या हिंदीत बाईंनी कुजबुजत झाडलं मला. "माझ्या बापाने एका लग्नात सगळ्यात मोठ्या पुढाऱ्याचा आवाज काढला. सगळे हसले. त्यातलाच एक हसून झाल्यावर सांगायला गेला. तीन दिवसांनी बापाला नेलं, घरातल्या सपाता पायात. बर्फातून!... आणि तू? तोच गळा घेऊन चपलेवर फिरतोस? मूर्खा, आवाज काढणाऱ्या माणसाने मोजे जवळ ठेवायचे असतात!"