भासऱ्यांचा शनिवार

माझं अक्षर वाकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणाल तर हात थांबेल तशी मी वेलांटी देते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढचं वाचन सगळं किराण्याच्या पुड्यांवरचं. हे कुणासाठी लिहीत नाही, पण चुकून कुणाच्या हाती लागलंच तर त्याने रागावू नये. आमच्या भासऱ्यांबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि ज्यांना नीट लिहिता येतं ते सगळे त्यांना हसण्यात गुंतले होते.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. नाचणगावात आमचं किराण्याचं दुकान होतं आणि पुलगावचं स्टेशन पायी जाण्याइतकं जवळ. तरी सकाळची वर्ध्याची गाडी किती वाजता सुटते हे भासऱ्यांना कधी सांगता आलं नाही. ती त्यांची हमखास चुकायची. पण तिकडे इंग्लंडात, क्रू नावाच्या स्टेशनातून, त्यांच्या लहानपणी एका शनिवारी कोणती गाडी सुटली, तिला डबे किती, पुढे कोणतं डिझेल इंजिन आणि त्या इंजिनानं आदल्या दिवशी काय ओढलं होतं, हे ते जेवताना घास हातात धरून सांगत. पुलगावहून आर्वीला जाणारी आपली छोटी गाडी कायमची बंद झाली तेव्हा सारं गाव हळहळलं. भासऱ्यांना ते पुढल्या वर्षी कळलं.

"काऊन बंद केली?" त्यांनी दुकानातल्या गिऱ्हाईकाला विचारलं.

"तुम्हालेच माहीत असन, डिझेलभाऊ. रेल्वेतले तुम्ही."

"माही रेल्वे वेगळी हाय," भासरे गंभीरपणे म्हणाले.

हे खूळ रद्दीतून घरात आलं. पुड्या बांधायला नागपूरहून रद्दीचे गठ्ठे यायचे, त्यात एकदा विलायती मासिकांचा गठ्ठा आला. गुळगुळीत कागद, आत आगगाड्यांचे फोटो. भासऱ्यांनी तो गठ्ठा उचलून माळ्यावर ठेवला आणि त्या आठवड्यात गिऱ्हाइकांनी हळद पदरात बांधून नेली. कॉलेज त्यांनी अर्धवट सोडलं होतं, पण इंग्रजी वाचता येत होतं. चार-सहा महिने वाचून त्यांनी त्या मासिकाला पत्र लिहिलं, की तुमच्या अमुक फोटोखाली गाडीचं नाव चुकलं आहे. तिकडून एका पीटरसाहेबांचं उत्तर आलं, की होय, चुकलं आहे. झालं. त्या दिवसापासून दुकान आमच्या ह्यांच्याकडे आणि इंग्लंड भासऱ्यांकडे, अशी वाटणी झाली.

मला आधी समजायचंच नाही, की हे करतात काय. मग कळलं, की तिकडे म्हातारे लोक घरात खेळण्यातली रेल्वे मांडतात. मला वाटलं, नातवंडांसाठी. तर नाही, नातवंडांना हात लावू देत नाहीत. आणि ती रेल्वे साधी धावून चालत नाही, अमुक सालच्या अमुक दिवशी खरी जशी धावली तशीच धावली पाहिजे. पण त्या दिवसाचे कागद सगळे राहिलेले नसतात. मग जुनी वेळापत्रकं, कुणाची टिपणं, धुरकट फोटो असं जमवून कोणतं इंजिन कुठून आलं आणि कुठे गेलं ते जुळवायचं. हे काम नाचणगावात बसून होत होतं, कारण तिकडे जाऊनही ती इंजिनं दिसणार नव्हती. ती केव्हाच भंगारात गेली होती.

घरात भासऱ्यांना कुणी मोजत नव्हतं. जाऊबाई म्हणायच्या, "नवरा आळशी असता त पुरला असता. हा दिवसभर राबते, अन् राबते इंग्लंडसाठी." ते गल्ल्यावर बसले की डाळ साखरेच्या भावात जायची. पण पीटरसाहेबांच्या पत्रात एकदा लिहून आलं, की आमच्या मंडळात वाद झाला तर तुमचा शब्द आम्ही शेवटचा मानतो. भासऱ्यांनी ते वाक्य आम्हाला मराठीत करून सांगितलं, मग सासूबाईंना पुन्हा, मग दुकानात बसलेल्या माणसाला. एवढा एकच मान त्यांच्या वाट्याला आला होता आणि तो समुद्रापलीकडे होता. त्यावर ते जगत होते.

मग पीटरसाहेबांच्या त्या रेल्वे मांडणाऱ्या मंडळाने मोठं काम दिलं. एका मोठ्या दालनात ते इंग्लंडचा एक उन्हाळी शनिवार मांडणार होते, सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराचा. सकाळपासून रात्रीपर्यंत कोणतं इंजिन कुठे, ते भासऱ्यांनी ठरवून द्यायचं आणि मंडळ त्याचं मानधन देणार. त्या एका शनिवारासाठी भासऱ्यांनी आमचे कितीतरी शनिवार घेतले.

धान्याच्या खोलीत शहाबादी फरशी होती. एक फरशी म्हणजे एक स्टेशन. खिडकीखाली क्रू, पोत्यांजवळ ब्रिस्टल, उंबऱ्यापाशी लंडन, कोपऱ्यात नॉरिच. मध्ये खडूच्या रेघा म्हणजे रूळ. आणि इंजिनं म्हणजे कडधान्य. इंजिनांचे तिकडे नंबराने वर्ग असतात. मी मनात जाती म्हणायची. सत्तेचाळीसची जात म्हणजे हरभरा, कारण ती इंजिनं सगळीकडे सांडलेली असत. चाळीसची म्हणजे चवळी. पन्नासची इंजिनं थोडी आणि तोऱ्याची, म्हणून ती वाल. भासरे कागद पाहत आणि त्या शनिवारचा एकेक तास पुढे सरकवत. एक तास सरकायला कधी महिना लागे. त्यांचं म्हणणं, "कागद खोटं बोलन, फरशी बोलत नाई."

खोलीचा केर काढायला जाऊबाईंनी साफ नकार दिला, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी लहान कुंचा घेऊन इंग्लंडच्या कडेकडेने झाडायची. आणि आमच्याकडे रिवाज असा, की धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी बोलायचं नाही. अगदीच गरज पडली तर भिंतीकडे तोंड करून, शेवटी 'म्हणा' लावून. "चहा झाला, म्हणा," मी भिंतीला सांगायची. "साखर कमी टाकजो, म्हणा तिले," ते भिंतीला सांगायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमचं सगळं बोलणं भिंतीच्या मध्यस्थीने. मला ते बरंच होतं. मी अशीही लोकांसमोर बोलायला लाजते.

एकदा भासरे कारंज्याला लग्नाला गेले आणि तिथे आठवडाभर राहिले. त्या आठवड्यात सासूबाई तांदूळ काढायला खोलीत आल्या. उंबऱ्यापाशी एक वाल एकटा पडलेला त्यांना दिसला. तो लंडनला उभा होता, पण त्यांना काय ठाऊक. अन्न पायदळी येतं म्हणून त्यांनी तो उचलला, कपाळाला लावला, आणि कोपऱ्यात दाण्यांचा घोळका होता त्यात, म्हणजे नॉरिचला, नेऊन ठेवला.

"आत्याबाई, ते भासऱ्यांचं काम हाय ना," मी म्हटलं.

"म्हणूनच त फेकलं नाई," त्या म्हणाल्या. "चार दाण्यांत ठेवलं. एकटं काऊन ठेवावं?"

वाल परत ठेवावा तर लंडनच्या चार रुळांपैकी कोणत्या, हे मला माहीत नव्हतं. मी आमच्या ह्यांना सांगितलं. हे हसून म्हणाले, "वालानं इंग्लंड बुडते का?" जाऊबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी त्या रुळात पडत नाई, बाई." भासरे परत आले तेव्हा मी चहा नेऊन भिंतीला म्हटलं, "वाल हालला, म्हणा." पण ते तेव्हा जुन्या फोटोत शिरलेले होते. त्यांनी भिंतीला सांगितलं, "साखर बरोबर हाय, म्हणा."

पन्नासच्या जातीचं इंजिन त्या काळी नॉरिचला जातच नसे, हे भासऱ्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण वाल तर तिथे होता. आणि फरशी खोटं बोलत नाही. त्यांना वाटलं, आपणच काहीतरी पक्कं पाहून ठेवला असेल, आता कारण आठवत नाही. मग ते कारण शोधू लागले, आणि शोधलं की सापडतंच. एका धुरकट फोटोत इंजिनाची मागची बाजू दिसत होती. ते पन्नासचं नव्हतं असं कुणी म्हणू शकत नव्हतं, कारण धड काहीच दिसत नव्हतं. पुलगावला इंटरनेटचं दुकान निघालं होतं. तिथून भासऱ्यांनी हा शोध कळवला.

तिकडे भांडण पेटलं म्हणे. अर्धे म्हणाले, शक्य नाही. अर्धे म्हणाले, आता सगळं नव्याने बघावं लागेल. आणि महिन्याभरात नॉरिचजवळच्या एका म्हाताऱ्याला ते इंजिन आठवलं. त्याने स्वतः पाहिलं होतं, शनिवारच होता, आणि त्याच्या हातात आइस्क्रीम होतं. मग कुणाचं काही चालेना. मंडळाने नॉरिचच्या रुळावर खेळण्यातलं पन्नासचं इंजिन चढवलं आणि मानधन पाठवलं. त्यातून दुकानात थंड पेयांचा फ्रीज आला. फ्रीज आला तशी गावाला अक्कल आली. शाल-नारळ देऊन सत्कार झाला. अध्यक्ष म्हणाले, "आज इंग्लंडच्या गाड्या वेळेवर धावून राह्यल्या त्या यांच्यामुळे!" त्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या, पण टाळ्या पडल्या. जाऊबाईंनी त्या दिवशी नवी साडी नेसली होती.

भासऱ्यांना मात्र सुख नव्हतं. मंडळ आता त्या शनिवारचं पुस्तक काढणार होतं आणि नॉरिचचं प्रकरण पहिलं. वाल तिथे का ठेवला, ते लिहून पाठवा, एवढंच त्यांनी मागितलं होतं. भासरे रोज कोपऱ्यातल्या फरशीपुढे उकिडवे बसायचे आणि वालाकडे बघायचे. एका दुपारी मी केर काढत असताना ते स्वतःशीच म्हणाले, "तू अथी आला कसा बाप्पा?"

मी कुंचा खाली ठेवला आणि भिंतीकडे वळले. "आत्याबाईंनी उचलून ठेवला, म्हणा."

मग भिंतीला प्रश्न आला. "कवा, म्हणा?"

"कारंज्याले गेलते तवा, म्हणा. उंबऱ्यापाशी होता. अन्न पायाखाली येते म्हणून."

भासरे उठले, सासूबाईंकडे गेले. त्यांनी कबूल केलं, वर विचारलं, "मंग? चांगलं नाई केलं का?" भासरे परत आले आणि त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. मी पदर ओढला.

"हे तू आधी काऊन नाई सांगितलं?" त्यांनी मला विचारलं, भिंतीला नाही.

"सांगितलं, म्हणा. चहा आणला तवा."

ते मटकन पोत्यावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. "हजारो मैलावरच्या म्हाताऱ्यांशी रोज बोलतो मी," ते म्हणाले, "अन् घरात भिंत लागते." त्यानंतर माझ्याशी ते सरळ बोलू लागले. मी मात्र 'म्हणा' लावतच राहिले. जीभ वळेना.

घरात सगळ्यांनी सांगितलं, गप्प राहा. आमचे हे म्हणाले, "दादा, त्या बुढ्याले आठवते ना? मंग आलं असन एखांद्या वेळी."

"त्याले माह्या मायनं ठेवलेला वाल आठवते," भासरे म्हणाले. "मी नाई सांगितलं त तो हे घेऊनच मरन."

"अन् तुमचा मान?" जाऊबाईंनी विचारलं. पहिल्यांदाच त्या रुळात पडल्या.

"तो माहाच नव्हता. आईचा होता."

त्यांनी सगळं खरं लिहिलं. तिकडून उत्तर आलं, की तुमचा विनय आम्हाला आवडला, पण पुरावा भक्कम आहे. पुन्हा लिहिलं. तेव्हा एकाने विचारलं, की वाल म्हणजे काय. खरं सांगून कुणी ऐकेना, तेव्हा भासऱ्यांनी ठरवलं, मानधन परत करायचं. "पैसे वापस केले की लोक आयकतात."

पण पैसे फ्रीजमध्ये होते. मग दुकानातून जमेल तसे साठवून ते वर्ध्याच्या बँकेतून पौंडाचा ड्राफ्ट काढू लागले. पहिल्या खेपेला कारकुनाने विचारलं, पैसे कशासाठी जातात, शिक्षण की औषधपाणी? भासरे म्हणाले, "चूक दुरुस्ती." तसा रकाना नव्हता. त्याने शिक्षण लिहिलं. आणि तिकडच्या मंडळात पहिली कुजबुज झाली. दुसऱ्या ड्राफ्टनंतर पुस्तक थांबलं. तिसऱ्यानंतर पीटरसाहेबांनी लिहिलं, की नॉरिचच्या रुळावरून ते इंजिन उचललं आहे. तुमचा शब्द शेवटचा मानतो, असं मात्र त्यांनी पुन्हा कधी लिहिलं नाही. त्या म्हाताऱ्याने मंडळ सोडलं म्हणे. त्याला इंजिन अजून आठवत होतं.

"आता त उचललं," आमचे हे म्हणाले. "ऱ्हायलेले पैसे कायले पाठवता?"

"उचललं ते त्यायनं. घेतले होते मी," भासरे म्हणाले, आणि पाठवत राहिले.

थोडेच उरले असताना ते आजारी पडले. आम्ही सावंगीच्या दवाखान्यात नेलं, पण त्यांनी फार दिवस काढले नाहीत. शेवटी शेवटी बोलणं कमी झालं होतं. एकदा मला म्हणाले, "केर काढून टाक आता. सगळ्या फरशीवरून काढ." मी घरी येऊन खडू पुसला. दाणे सासूबाईंनी वेचले आणि पक्ष्यांना टाकले.

तेरवी झाल्यावर जाऊबाईंनी फ्रीज विकला. मला म्हणाल्या, "चाल." आम्ही दोघी सकाळच्या गाडीने वर्ध्याला गेलो. गाडी मिळाली, कारण जाऊबाई तासभर आधीच स्टेशनवर जाऊन बसल्या होत्या. बँकेत तोच कारकून होता. त्याने न विचारता शिक्षण लिहिलं, पैसे घेतले, शिक्का मारला.

"पुढच्या खेपेला काही ओळखपत्र आणा, बाई," तो म्हणाला.

"पुढली खेप नाई जी," जाऊबाई म्हणाल्या. "फिटले सगळे."