हरणीचं माहेर

पारनेर तालुक्यात कुत्र्याची पारख आमच्या थोरल्या भाऊजींइतकी कुणालाच नव्हती, आणि माणसाची पारख त्यांच्याइतकी कमीही कुणाला नव्हती. हे मी त्यांची धाकटी भावजय म्हणून सांगते. एका घरात राहून, त्यांच्या ताटात भाकरी वाढत माझं आयुष्य गेलं, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे. माणूस वाईट नव्हता हो. आवाज चढवून कधी बोलले नाहीत, जाऊबाई गेल्या त्यानंतर दुसरं लग्न केलं नाही, शेतावरच्या गड्यालाही कधी अरे म्हटलं नाही. पण देवाने जी काही अक्कल दिली होती ती त्यांनी सगळी कुत्र्यांवर खर्च केली, आणि घरच्यांच्या वाट्याला यायची वेळ आली तेव्हा काही उरलीच नव्हती.

त्या दुष्काळी साली आमच्या घरात दोन गोष्टी ठरायच्या होत्या. एक पिल्लू घरात आणायचं होतं आणि एक मुलगी घरातून द्यायची होती. मुलगी म्हणजे मंदा, भाऊजींची एकुलती एक. जाऊबाई गेल्या तेव्हा ती माझ्या कडेवर आली आणि तिथेच वाढली, त्यामुळे तिला कसं घर मिळतं याचा मला घोर लागलेला. भाऊजींना घोर होता तो पिल्लू कुठल्या घरातलं आणायचं याचा. मी म्हणायची, भाऊजी, आधी पोरीचं बघा. ते शांतपणे म्हणायचे, "बघू की. पोरीची जात हाय, कुठंबी रुजती. कुत्र्याचं तसं नसतं, सुमन."

त्यांना दारात बसून भुंकणारं कुत्रं नको होतं. आमच्याकडच्या जत्रेत तेव्हा कुत्र्यांची शर्यत लागायची. दोरीला सशाचं कातडं बांधायचं, ती दोरी सायकलला बांधायची, मग कुणीतरी जीव खाऊन पायडल मारत माळावरून सुटायचा आणि मागून ती काटकुळी, लांब पायांची कारवानी कुत्री सुटायची. भाऊजींच्या आधीच्या कुत्रीने ही शर्यत मारलेली होती. ती म्हातारी होऊन गेली तेव्हा त्यांनी सुतक पाळल्यासारखी दाढी वाढवली. आता तिच्या जागी येणारी नुसती पळणारी चालणार नव्हती. "पळनारी लई मिळत्यात. पळून झाल्यावर पायाशी यिऊन बसनारी पायजे," असं ते म्हणत. घरात बोलायला माणसं होती, पण त्यांना सोबत लागायची ती न बोलणाऱ्याची.

पिल्लू बघायला जायची त्यांची रीत ऐकली तर हसाल. आगाऊ निरोप द्यायचा नाही, भर दुपारी जाऊन उभं राहायचं. पिल्लांकडे बघायचंसुद्धा नाही. आधी अंगण बघायचं, मग कुत्री कुठे निजते ते बघायचं, मग गावात जाऊन लोहाराच्या भात्यापाशी बसायचं आणि हा माणूस कसा आहे, जनावराला मारतो का, याची चौकशी करायची. एका गावात सगळं पसंत पडलं होतं, तेवढ्यात मालक आपल्या बैलावर खेकसला. भाऊजी उठले. म्हणे, मुक्या जनावराशी असा बोलतो त्याच्या घरचं पिल्लू भेकडच निघणार. एक पाटील म्हणाले, आमची कुत्री वाघाला भीत नाही. "मग माझ्या कामाची न्हाई," भाऊजी म्हणाले, "न भिनारं जनावर लवकर मरतं." आणखी एका घरी तर पाण्याचा तांब्या हातात असताना निघून आले. का, तर मालक समोर होता तोवर कुत्री दगडासारखी बसली होती आणि तो आत गेल्यावर तिने अंग सैल सोडलं. "धाक हाय त्या घरात," ते घरी येऊन म्हणाले, "आई अशी जगली तर पिल्लू काय शिकंल?" मी चुलीपाशी हे ऐकत होते. एवढी नजर असलेला माणूस आपल्या पोरीचं किती छान बघेल, असं मला वाटलं. वेडी होते मी.

शेवटी नेवाशाकडे एक घर पसंत पडलं. ख्रिस्ती शेतकरी होते ते. भाऊजी पोचले तो रविवार होता, घरची सगळी माणसं प्रार्थनेला त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये गेली होती. कुत्री उंबऱ्यात बसून होती. ती भुंकली नाही, अंगावर आली नाही, पण उंबरा सोडून हललीही नाही. माणसं परत येईपर्यंत भाऊजी तिच्यासमोर मांडी घालून बसून राहिले, आणि तेवढ्यात त्यांचं ठरलं. मग पिल्लांची परीक्षा झाली. किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला. जी पिल्लं पळाली ती बाद, ज्यांना काहीच वाटलं नाही तीही बाद. एक तांबूस मादी दचकली, मागे सरली आणि मग मान लांब करून जुडगा हुंगायला आली. तीच ही हरणी. पण त्या शेतकऱ्यानेही भाऊजींची काही कमी परीक्षा घेतली नाही. घरात कोण कोण, दिवसभर एकटी राहील का, उन्हाळ्यात कुठे निजेल, सगळं विचारून घेतलं आणि वर बजावलं, "पिल्लू मी इकत न्हाई, देतो. पन मी कवाबी बघाया यीन, तुमी न्हाई म्हनायचं न्हाई. आन् न्हाई जमलं तर बांधून ठिवू नका. परत आना. ह्या घराचं दार तिला उघडं हाय."

घरी येऊन हे सांगताना भाऊजींचे डोळे भरून आले होते. पिल्लू उपरण्यात गुंडाळलेलं, आणि मंदा शेजारी सूप घेऊन धान्य निवडत बसलेली. "मानूस असा पायजे," ते म्हणाले. "दिलं म्हंजी टाकलं न्हाई." त्या शेतकऱ्याच्या घराला त्यांनी त्याच दिवशी हरणीचं माहेर म्हणायला सुरुवात केली. 'दिलं म्हणजे टाकलं नाही' या वाक्यात काय आहे हे मंदाला कळलं असावं, कारण तिचा हात सुपात थांबला. भाऊजींना मात्र कळलं नाही.

पुढच्याच महिन्यात कोपरगावाकडचं स्थळ आलं. माणसं सकाळी आली, दुपारी जेवली आणि ऊन उतरायच्या आत सुपारी फुटली. आमच्या विहिरीत तेव्हा खरवडून घागर भरावी लागत होती आणि तिकडे पाटाचं पाणी, उभा ऊस. आमच्या कोरडवाहू मुलखातल्या बापांचं त्या साली हेच झालं. पाणी बघितलं, माणसं कुणी बघितली नाहीत. मी म्हटलं, भाऊजी, एकदा जाऊन घर तरी बघा, सासू कशी आहे ते विचारा. "चांगलीच आसंल. घरात एवढं पानी हाय," ते म्हणाले. आमचे हे थोरल्या भावापुढे तोंड उघडत नसत, ते खाली बघत बसले. ज्या माणसाने कुत्रीसाठी लोहाराच्या भात्यापाशी बसून चौकशी केली, तो मुलीसाठी एसटीत बसायला तयार नव्हता. पाठवणीच्या वेळी मंदाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता त्येच तुझं घर. तकरार घिऊन यायाचं न्हाई." हरणी तेव्हा त्यांच्या धोतराशी खेळत होती. मला तिचा राग आला. मुक्या जिवावर राग धरणं बरं नव्हे, पण धरला खरा.

पुढचं वर्ष हरणीचं होतं. आम्ही रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, खात होतो, तिची भाकरी थापताना फुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. हरणीने मिलोला तोंड लावलं नाही, तेव्हा भाऊजी कौतुकाने म्हणाले, खानदानी हाय. तिच्यासाठी शेळीचं दूध राखून ठेवलं जायचं. ते दिवसभर रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायचे आणि संध्याकाळी थकलेल्या अंगाने तिला माळावर पळवायचे. ती खरंच वाऱ्यासारखी पळायची. आणि त्यांना हवं होतं तसंच, पळून झालं की येऊन पायावर हनुवटी टेकायची. जत्रेची शर्यत तिचीच, असं सगळं गाव म्हणत होतं.

दिवाळीला मंदाला पाठवलं नाही. संक्रांतीलाही नाही. मग ऊसतोडीवरून परतलेल्या एका बाईने मला विहिरीवर सांगितलं, "मंदा लई वाळली. सासू बोलू देत न्हाई कुनाशी." मी तशीच घागर टाकून घरी आले आणि पहिल्यांदाच भाऊजींसमोर डोक्यावरचा पदर सरकला तरी सावरला नाही. म्हटलं, उद्याच्या उद्या जा आणि पोरीला घेऊन या. जत्रा आठवड्यावर आली होती.  तरी दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी हरणीला बरोबर घेऊन निघाले, तिला मागे ठेवायचं त्यांच्या जिवावर यायचं. एसटीत घेईनात म्हणून मिळेल त्या ट्रकने गेले.

तिसऱ्या दिवशी परत आले ते एकटे. बरोबर मंदा नव्हती आणि हरणीही नव्हती. मुलीला आणायला गेलेला बाप कुत्री तिथे ठेवून आला होता. मी काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. ते ओसरीवर बसून ऐकत होते. मी दमले तेव्हा म्हणाले, "सासू समोर हुती तवर पोर भिंतीला टेकून उबी हुती. सासू परसात गेली आन् तिनं श्वास सोडला, सुमन. म्या बघितलं." मग आणायची ना, मी म्हटलं. ते म्हणाले, पाठवत नाहीत, आणि मंदाही येते म्हणत नाही. विचारलं तर एवढंच म्हणाली, "दादा, तकरार घिऊन यिऊ नको म्हनला हुता तुमी." लेकीला मूल होईस्तोवर बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नसतं, म्हणून ज्या पाण्यासाठी पोर दिली त्याचा घोटही न घेता ते तिथे अंगणात बसून राहिले. निघताना त्यांनी हरणीचा दोर मंदाच्या हातात दिला. आणि व्याह्यांना सांगितलं, कुत्री मी दिली आहे, टाकली नाही. बघायला मी कधीही येईन, तुम्ही नाही म्हणायचं नाही.

जत्रेत शर्यत कुणा दुसऱ्याच कुत्र्याने मारली. भाऊजी तिकडे फिरकले नाहीत. लेकीच्या घरी बापाने फार जाऊ नये असं आपल्यात मानतात, पण कुत्रीला बघायला जाणाऱ्याला कोण अडवणार? दर महिन्याला ते जात. अंगणात बसत, हरणीचे पंजे बघत, आणि शेजारी मंदा उभी असे, बापाशी कुत्रीच्या खाण्यापिण्याचं बोलत. सासूचा आवाज चढला की हरणी उठून उभी राहते, असं मंदाने एकदा कुणाच्यातरी हाती कळवलं. म्हातारी त्या जनावराला भीत असावी. मंदा सुखी झाली असं मी म्हणणार नाही. तिला अंग सैल सोडायला थोडी जागा मिळाली, एवढंच. मी भाऊजींना माफ केलं नाही आणि ते त्यांना ठाऊक होतं, पण दर महिन्याला त्यांच्या शिदोरीत मंदाच्या आवडीचं काहीतरी मी बांधून देत असे.

पुढे काही वर्षांनी हरणी गेली. भाऊजींनी ती बातमी ऐकली आणि दिवसभर गोठ्यात बसून राहिले. महिना भरला तेव्हा सकाळी बघते तर ते धोतर नेसून, टोपी घालून ओसरीवर तयार. मला वाटलं विसरले की काय. हलक्या आवाजात म्हटलं, भाऊजी, आता तिकडे कुत्री नाही. आता काय म्हणून जाणार?

"आता काय म्हनून," ते वहाणा घालत म्हणाले, "लेकीकडं चाललोय."

मी आत जाऊन शिदोरी बांधायला घेतली. बोलायचं म्हटलं तर पुष्कळ होतं.