अकरा उलटी बाकडी

सिस्टरना त्या दुपारी डुलकी लागली नव्हती. हे आधी लिहून टाकतो, कारण ती लागली होती असं सांगणारा मीच होतो आणि पुढे कित्येक वर्षं मी ते दुरुस्त केलं नाही.

सिस्टर म्हणजे आमच्या कर्वेनगरातल्या एका सोसायटीत राहणाऱ्या निवृत्त परिचारिका. मूळच्या नागपूरकडच्या. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात झाली. मुलाला पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली, म्हणून उतारवयात इकडे आल्या. त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. आणि मी त्या वॉर्डाचा नगरसेवक होतो.

नगरसेवक कसा झालो तेही सांगायला हवं. माझं झेरॉक्सचं आणि एसटीडीचं दुकान होतं. पक्षाच्या उमेदवाराचा अर्ज बाद झालाच तर पंचाईत नको, म्हणून पक्ष आणखी एकाचा डमी अर्ज भरून ठेवतो. तो माझ्या नावाने भरला गेला, कारण अर्जाच्या झेरॉक्स माझ्याच दुकानात चालल्या होत्या आणि मी समोर उभा होतो. छाननीत खऱ्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला. एका पानावर सही राहिली होती. पानं मी लावली होती, पण सही करून घेणं माझं काम नव्हतं, असं मी अजूनही स्वतःला सांगतो. पोस्टर आधीच छापून झाली होती, त्यामुळे वॉर्डभर त्याचा फोटो आणि त्यावर चिकटवलेलं माझं नाव असा प्रचार झाला. लोकांनी त्याच्याकडे बघून मला मत दिलं.

निवडून आल्यावर ऑफिसात पहिल्या आल्या त्या सिस्टर.

"जयभीम भाऊ. बसा म्हणू नका, उठताना त्रास होते. एक बाकडं पाहिजे."

"कुठे हवंय?"

"चढ संपते तिथे, शाळेची बस थांबते त्या जागी. नातीला आणायला मी जाते. मुलगा-सून दोघंही दिवसभर हिंजवडीला. त्या घरात बाकी सगळ्या कामाला मशीन आहे, या एका कामाला मी आहे. पण चढून गेलं की गुडघे उभं राहू देत नाहीत."

शाळेचा नियम होता की घरचं माणूस समोर दिसल्याशिवाय मूल बसमधून उतरवायचं नाही. मी अर्ज घेतला, वर 'तातडीचे' असं लिहिलं आणि महिन्याभरात अभ्यासदौऱ्यावर गेलो.

आम्ही सहा नगरसेवक होतो आणि दौरा ब्रिटनमधल्या एका लहान शहराचा होता. विषय, नागरी सुविधा. आम्हाला गाव दाखवायला तिथला एक नगरसेवक नेमला होता. साठीचा, उंच, डोक्यावर चपटी टोपी. आयुष्यभर बस चालवली आणि ती चालवता चालवताच निवडून आला. जवळजवळ तीस वर्षं एकाच वॉर्डातून. त्या वर्षी तो महापौरही होता, त्यामुळे समारंभात गळ्यात घालायची भली मोठी साखळी त्याच्याकडे होती. ती तो प्लास्टिकच्या पिशवीत, डब्याशेजारी ठेवून बसने घेऊन यायचा. तीस वर्षांत काय केलं असं विचारल्यावर त्याने बोटं मोजून सांगितलं: एक उद्यान, दोन सिग्नल, कुत्र्यांच्या घाणीविरुद्ध एक ठराव आणि एक सार्वजनिक मुतारी, जी पुढे बंद पडली. मुतारीचं सांगताना त्याचा आवाज बारीक झाला.

मी एकच गोष्ट शोधत होतो. याच्या नावाची पाटी कुठे आहे? आमच्याकडे नगरसेवकाने दिवा लावला तर दिव्यापेक्षा पाटी मोठी असते. नदीकाठच्या बागेत गेलो तेव्हा उलगडा झाला, असं मला वाटलं. ओळीने लाकडी बाकडी होती आणि प्रत्येकावर पितळेची छोटी पट्टी. पट्टीवर नाव, खाली दोन सालं, आणि एक ओळ: यांना ही जागा फार प्रिय होती.

"हे इथले माजी नगरसेवक," मी बाकीच्यांना सांगितलं. "सालं म्हणजे त्यांचा कार्यकाळ."

आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी वजाबाकी केली. "अहो, हा एक्याऐंशी वर्षं निवडून येतोय! याला तिकीट कोण देत होतं?"

"इथे आरक्षणाची सोडत नसते ना," दुसरे म्हणाले. "एकदा बसला की बसला."

विचारायला हवं होतं. माझं इंग्रजी अडखळणारं होतं आणि अडखळायची लाज वाटायची. मी फक्त त्या बसवाल्या महापौराला एवढं विचारलं, की या बाकड्यांवर तुमचं नाव दिसत नाही? तो खळखळून हसला आणि म्हणाला, "अजून नाही. मला काही घाई नाही." काय नम्र माणूस आहे, असं आम्ही सहाही जण हॉटेलवर पोचेपर्यंत बोलत होतो.

परत आल्यावर मी सिस्टरच्या एका बाकड्याची अकरा बाकडी केली. सगळी सिमेंटची, उंच पाठीची. पण रीतीप्रमाणे भिंतीला पाठ लावून बसवलं, तर माणूस बसला की नाव झाकलं जातं. म्हणून मी नाव पाठीच्या मागच्या बाजूला कोरून घेतलं आणि ती बाजू रस्त्याकडे केली. बसणाऱ्याचं तोंड आपोआप कंपाउंडच्या भिंतीकडे झालं. मध्ये दीड फूट जागा.

महापालिकेचे कनिष्ठ अभियंता माप घ्यायला आले होते. सज्जन माणूस.

"साहेब, बसणाऱ्याने बघायचं काय?"

"विश्रांती घ्यायची. बघायचं कशाला?"

"बरं. मजकूर एकदा तपासून द्या. तुमचं नाव, निवडून आल्याचं साल, आडवी रेघ, पुढे मोकळं."

"पुढचं साल कसं टाकणार? मी परत निवडून येणार."

"आणि खाली, 'यांना हा परिसर फार प्रिय होता'. होता?"

"तिकडे असंच लिहितात."

त्यांनी कागदावर माझी सही घेतली. दोनदा घेतली.

बाकडी लागली आणि तिसऱ्या दिवशी नारायण पेठेतल्या मामांचा घरी फोन आला. बायकोने घेतला. मामा म्हणाले, "अगं, निदान कळवायचंस तरी." बायको म्हणाली, "ते आंघोळ करतायत मामा, बाहेर आले की देते." एका बाकड्यावर कुणीतरी रोज जास्वंदीचं फूल ठेवायला लागलं. ते मी लोकांचं प्रेम समजलो. कोपऱ्यावरचे वाणी मला बघून म्हणाले, "अजून फिरताय? कमाल आहे तुमची." हेही मी कौतुकच समजलो.

आणि त्याच आठवड्यात ती दुपार आली.

सिस्टर चढ चढून गेल्या आणि त्यांच्यासाठी म्हणून मागितलेल्या बाकड्यावर बसल्या, भिंतीकडे तोंड करून. पाठ इतकी उंच की रस्त्यावरून त्यांचा अंबाडाही दिसत नव्हता. बस मागून आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, पण आमच्या रस्त्यावर हॉर्न ऐकून कुणी वळत नाही, तो दिवसभर वाजतच असतो. ड्रायव्हरला माझं नाव दिसलं, माणूस दिसलं नाही. तो नियमाप्रमाणे मुलीला घेऊन पुढे गेला. साडेसहा वर्षांची ती पोर सगळी फेरी, मग डेपो, मग शाळा असं करत संध्याकाळी घरी पोचली. सिस्टर तोवर तिथेच होत्या. त्यांच्याजवळ मोबाइल नव्हता, आणि आपण जागा सोडली आणि बस आली तर, या भीतीने त्या हलल्याही नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा माझ्या ऑफिसात आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, डोळे लाल.

"आई म्हणते बस आलीच नाही. बसवाला म्हणतो मी थांबलो होतो, तिथे कुणीच नव्हतं. साहेब, तुम्हाला काय वाटतं? आई खोटं बोलणारी नाही हो."

मला त्याच क्षणी कळलं होतं. पण खोलीत चार कार्यकर्ते बसले होते आणि रविवारी बाकड्यांचं लोकार्पण होतं, मंडप सांगून झाला होता.

"वय झालंय त्यांचं," मी म्हणालो. "दुपारची वेळ. डुलकी लागली असेल."

त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, "मलाही तेच वाटलं."

त्याने मुलीला शाळेतून थेट पाळणाघरात ठेवायची सोय केली. सिस्टर पुन्हा त्या चढावर दिसल्या नाहीत.

चार महिन्यांनी तो ब्रिटिश महापौर परतभेटीला पुण्यात आला. आता माजी महापौर, पिशवीत साखळी नव्हती, पण पिशवी तीच होती. मी त्याला मोठ्या अभिमानाने पहिल्या बाकड्यासमोर उभं केलं. वाचा म्हणालो. मराठी त्याला येत नव्हतं, म्हणून मी बोट ठेवून सांगितलं: हे माझं नाव, हे साल, ही रेघ, आणि ही पुढची जागा अजून मोकळी ठेवली आहे.

त्याने टोपी काढली. मान खाली घातली. रहदारी चालू, मागे रिक्षावाला ओरडतोय, आणि हा माणूस माझ्या बाकड्यापुढे मिनिटभर स्तब्ध. मीही शिष्टाचार म्हणून उभा राहिलो. कार्यकर्तेही उभे राहिले.

मग त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "डॉक्टर काय म्हणतात?"

"कोणते डॉक्टर?"

"तुमचे."

"थोडी शुगर आहे."

त्याने हात आणखी घट्ट दाबला. असा रोग एवढ्या धीराने घेणारा माणूस आपण पाहिला नाही, म्हणाला. मग एक एक शब्द सुटा करत उलगडा झाला, त्याच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून त्याच्याकडे. त्याच्या गावात ती बाकडी मेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी त्यांच्या घरचे देतात. मी माझ्याच वॉर्डात स्वतःची अकरा स्मारकं उभारली होती.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, बसून बघू का? बसला, गुडघे भिंतीला टेकले. त्याने दोन्ही बाजूंना मान वळवून पाहिलं.

"बस कुठून येते?"

"मागून."

"मी इतकी वर्षं बस चालवली," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "ड्रायव्हर पाठ बघून थांबत नाही. माझ्याकडे वळलेलं तोंड दिसलं, तरच मी थांबायचो. इथे बसणाऱ्याची बस चुकत असेल."

मी म्हणालो, "अशी काही तक्रार नाही."

हे दुसरं खोटं.

त्या महिन्यात मी सगळी बाकडी सुलटी करून घेतली, नावं मशीनने घासून काढली. सभागृहात सांगितलं, नागरिकांच्या सूचनेचा आदर करून. सिस्टरच्या बाकड्यावरची ती आडवी रेघ मात्र खोल कोरली गेली होती, ती निघाली नाही. पुढच्या निवडणुकीत सोडतीत माझा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. पक्षाचे लोक घरी आले, वहिनींनी उभं राहावं म्हणाले. बायकोने चहा दिला आणि सांगितलं, "उभी राहते. पण निवडून आले की पहिली ती बाकडी फोडीन." ते चहा पिऊन गेले. माझी कारकीर्द तिथे संपली, पाच वर्षांत. एक मुतारीसुद्धा नाही.

सिस्टरकडे जायचं मी रोज ठरवत होतो. मग वर्षं गेली. एसटीडीचा डबा गेला, झेरॉक्सही बंद झालं, चढावर आता सकाळी कंपन्यांच्या बसची रांग लागते. गेल्या वर्षी तिथून जाताना त्या रेघेच्या बाकड्यावर एक मुलगी बसली होती, गळ्यात ओळखपत्र, कानात इअरफोन. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"काका, तुम्ही ते मेलेले नगरसेवक ना?"

मी हो म्हणालो.

"मी सिस्टरची नात. लहानपणी आम्ही तुम्हाला घाबरायचो. भूत म्हणायचो." ती हसली. मी आजी कशी आहे विचारलं.

"बरी आहे. हट्टी आहे. दुपारी खुर्चीत बसतच नाही. म्हणते, मला डुलकी लागते, एकदा लागली होती तर तू हरवली होतीस. उभीच असते खिडकीशी. गुडघ्यांचं तर दोनदा ऑपरेशन झालंय."

तिची बस आली. ती रस्त्याकडे तोंड करून बसली होती, लगेच उठली, ड्रायव्हर थांबला. मी तिथेच बसून राहिलो.

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. मुलगा घरात होता, आता त्याचेही केस पांढरे झालेत. सिस्टर खिडकीचा गज धरून उभ्या होत्या. मला ओळखून म्हणाल्या, "जयभीम भाऊ. फार उशिरा फिरकले. बाकडं चांगलं होतं तुमचं, मीच झोपली."

मी उभाच राहिलो. त्यांच्या मुलालाही ऐकू जाईल असं म्हणालो, "सिस्टर, तुम्ही झोपल्या नव्हतात. तुम्ही जाग्या होतात आणि भिंत बघत होतात, कारण बाकडं मी उलटं बसवलं होतं, माझं नाव रस्त्यावरून दिसावं म्हणून. बस तुमच्या पाठीमागून आली आणि गेली. मला हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तरी तुमच्या मुलाला मी डुलकी लागली म्हणून सांगितलं, आणि तुमचं काम तुमच्या हातून गेलं. चूक माझी होती, तुमची कधीच नव्हती. मला माफ करा सिस्टर. आणि आता बसा."