कोपरा फाटलेलं पत्र

मलकापूरच्या फलाटावर बाबा कापसाच्या गाठींना टेकून उभे होते. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती आणि मी वेल्समधल्या एका शाळेत गणित शिकवायला निघालो होतो. गाडी सुटल्यावर माझा धाकटा भाऊ वसंता त्यांना म्हणाला, "चला ना बाबा, बस निघून जाईन." "थांब बे, गाडी दिसून राह्यली अजून," बाबा म्हणाले. हे मला वसंतानं नंतर पत्रातून कळवलं.

बाबा पिंपळगाव राजात हुतूतूचे पंच. डाव एकतर्फी झाला की लोक उठायचे, आम्हीही उठायचो. मग ते दरडावायचे, "बसा खाली. हरणाऱ्याजवळ थांबा लागते."

तिसऱ्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं. "भाऊ, बाबा तुमची वाट पाह्यतात," वसंतानं लिहिलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो, असं मी उत्तर टाकलं. तोवर ते राहतील, हा हिशेब माझा मीच मांडला होता.

एका शनिवारी घरमालकीणबाईंनी वसंताचं निळं पत्र हातात दिलं. "पोस्टात खराब झालं होतं, मी नीट केलंय," त्या म्हणाल्या. बाहेर शाळेतला सोबती ग्विन मोटारीचा भोंगा वाजवत होता. घरचं पत्र मी घाईत वाचत नसे. न पाहताच कोटाच्या खिशात घातलं.

पाच देशांच्या स्पर्धेतला रग्बीचा सामना होता. लांबट चेंडू छातीशी धरून यजमान पुन्हा पुन्हा रेषेपार जात होते. दर वेळी चिखलानं माखलेले पाहुणे माना खाली घालून आपल्याच खांबांमागे उभे राहत. फलकावर त्यांचं शून्य काही हलेना. पाऊस वाढला, लोक निघू लागले.

"चल, चहा घेऊ," ग्विन म्हणाला. "का पाहुण्यांत तुझा मेहुणा खेळतोय?"

मी हसलो आणि बसून राहिलो. शेवटच्या मिनिटाला पाहुणे रेषेपर्यंत आले नि तिथेच आडवे झाले. मी एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

मैदान रिकामं झाल्यावर पत्र काढलं. कोपऱ्याला पांढऱ्या कागदाचा तुकडा नेटका चिकटवलेला होता. उघडण्याआधीच कळलं. मरणाची खबर असलेल्या पत्राचा आपल्याकडे कोपरा फाडतात. बिचाऱ्या बाईंना ते कसं ठाऊक असणार? परदेशात तारेनं भाऊ घाबरतील म्हणून वसंतानं पत्र पाठवलं होतं. मी सुतकात हसलो होतो, टाळ्या पिटल्या होत्या. तेरवी दोन दिवसांवर होती. तेवढ्यात पोचणं शक्य नव्हतं.

ग्विननं विचारलं, काय झालं? कोपरा, खबर, सुतक, सगळं त्याला समजावून सांगावं लागलं. सांगता सांगता इतका थकलो की रडायचं राहूनच गेलं.

असं पत्र घरात ठेवत नाहीत, वाचून फाडून टाकतात. वसंता, मी ते फाडलं नाही. इथेही आता माझं घर आहे, मुलं आहेत. पण फाटका कोपरा पाहून काही न विचारता जवळ येऊन बसणारी माणसं गावातच राहिली. परवा डिंक वाळून तो पांढरा तुकडा गळून पडला. पत्र आता तू पाठवलंस तसं दिसतं. मी बराच वेळ त्याच्याजवळ बसलो.