माहेर पांढुर्णा, सासर सौंसर

आमच्या वहिनी उलट्या पळत. म्हणजे तोंड खेळाकडे आणि पाय मागे. तेही पाच-दहा पावलं नव्हे, गोलपासून पार मधल्या रेषेपर्यंत, आणि सरळ पळणाऱ्या भल्याभल्यांच्या आधी पोचत. मैदानाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांचा जीव वर-खाली व्हायचा. "अवो बाई, मांगं गड्डा हाय!" असं कोणीतरी ओरडायचंच. वहिनी मागे न पाहता खड्डा चुकवायच्या. रेफरीनं खेळाकडे पाठ करायची नाही, हा त्यांचा नियम. त्या कधी पडल्या का, असं मला लोक विचारतात. एकदा पडल्या, कापसाच्या बाजारात, सरळ चालताना.

माझा पुतण्या, म्हणजे त्यांचाच मुलगा, मला म्हणतो, "काका, आई रेफरीच तं होती, त्यात काय एवढं?" अरे बाबा, तू ब्याऐंशी सालचं सौंसर पाहिलंस का? तेव्हा बाईमाणूस मैदानाच्या बाजूच्या रस्त्यानं जाताना पदर सावरून, पाय उचलून जायचं. आणि ही बाई मैदानाच्या मधोमध उभी राहून बावीस गड्यांना सांगते, "मागं व्हा." आता वहिनी नाहीत. जाऊन बरीच वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते, हे सरळच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मध्येच डोळे पुसले तर कोणी हसायला नको.

वहिनी पांढुर्ण्याच्या. पांढुर्णा आणि सौंसर, दोन्ही नागपूरच्या वरची, मध्य प्रदेशातली मराठी गावं. वडिलांची तिथे संत्र्याची अडत होती. पीटीचं शिक्षण घेऊन त्या सौंसरला मुलींच्या शाळेत लागल्या आणि माझ्या मोठ्या भावाशी लग्न होऊन आमच्या घरात आल्या. दादा सिंचन खात्यात बाबू. बॉल अंगावर आला तर आधी चष्मा सांभाळणारा माणूस. मी मात्र सौंसरच्या एका टीमचा गोली होतो आणि त्याची मला मोठी ऐट होती. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, बॉल जवळ आला का तुम्ही डोळे मिटता."

"छे! कोण म्हणते?"

"मी म्हणते. शाळेच्या खिडकीतून दिसते नं मले."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी अंगणात माझा क्लास सुरू झाला. वहिनी डागी संत्री फेकून मारायच्या आणि मी डोळे उघडे ठेवून ती झेलायचो. जी सुटायची ती भिंतीवर फुटायची, आणि माय, म्हणजे माझी आई, भिंत धुताना दोघांचाही उद्धार करायची. माय तशी कडक. सुनेनं नोकरी करावी, इथपर्यंत तिनं कसंबसं गिळलं होतं. "पण घरून निंगशीन तं साडीत निंगशीन," अशी तिची अट होती. वहिनी साडीत निघायच्या, शाळेत जाऊन पांढरा सलवार-कुडता आणि कॅनव्हासचे बूट घालायच्या, आणि दिवे लागायच्या आत पुन्हा साडीत घरी.

आता लीगचं सांगतो. दसरा झाला की आमच्याकडे फुटबॉल सुरू व्हायचा. तीन टीम पांढुर्ण्याच्या, तीन सौंसरच्या, आणि जानेवारी सरेपर्यंत नुसती हाणामारी. सौंसरचा रेफरी असला की पांढुर्णेवाले म्हणणार, विकला गेला. पांढुर्ण्याचा असला की आम्ही तेच म्हणणार. नागपूरहून एकदा रेफरी बोलावला होता. तो हाफटाइमलाच बसमध्ये जाऊन बसला. आदल्या सालच्या शेवटच्या मॅचला तर गोटे चालले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे दगडांची लढाई, खेळणाऱ्या गावाशी गोट्यांची बरोबरी करायला जाणं हा आमचा मूर्खपणाच होता. माझ्याही डोक्याला खोक पडली. त्यावर थानेदार साहेबांनी दोन्ही गावच्या लोकांना बोलावून सांगितलं, "इस साल एक भी लफडा हुआ, तो लीग हमेशा के लिए बंद."

मग रेफरी कोण, यावर सौंसरच्या शाळेत बैठक बसली. दोन तास कोणीच कोणाचं नाव पास होऊ देईना. शेवटी पांढुर्ण्याचे एक म्हातारे व्यापारी म्हणाले, "तुमच्या सौंसरात आमची एक लेक हाय. परीक्षा पास हाय रेफरीची." आमच्याकडचे म्हणाले, "ते तं आमची सून होय!" माहेर पांढुर्णा, सासर सौंसर. दोन्ही बाजूंना मनातून वाटलं, पोरगी आपलीच आहे. आनंदानं दोघांनीही माना डोलावल्या. तिथे सख्खा दीर एका टीमचा गोली आणि सख्खा धाकटा भाऊ बंडू दुसऱ्या टीमचा फॉरवर्ड, याचा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. आला तो फक्त वहिनींच्या.

त्यांनी घरी येऊन चहा ठेवला आणि सांगितलं, "लीग संपेपर्यंत माझं माहेर बंद." मायनं वर पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "सासर तं बंद करता येत नाही, राहते कुठं मग मी? पण माहेरी जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या बाजूनं शिट्टी मारली, तं लोक काय म्हणतीन?" दादा म्हणाला, एवढं कशाला ताणतेस. त्या म्हणाल्या, "एकदा माझ्यावर बोट आलं का पुन्हा कोणत्याच बाईले कोणी शिट्टी देणार नाही."

आणि खरंच बंद केलं हो! पांढुर्ण्याला मॅच असली की बसनं जायच्या, मॅच खेळवायच्या आणि बसनं परत. माहेर स्टेशनच्या पलीकडे, मैदानापासून हाकेच्या अंतरावर. त्यांची आई डबा घेऊन दोरीपाशी उभी राहायची. वहिनी लांबूनच हात जोडायच्या आणि बसकडे वळायच्या. डबा शेवटी मी खायचो. त्यातली सांबारवडी, म्हणजे तुमची कोथिंबीरवडी, अजून जिभेवर आहे. भाऊबीजेला बंडू साडी घेऊन आमच्या ओसरीवर आला. वहिनींनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बंड्या, परवा तुझी मॅच आहे. साडी वापस ने. लीग झाल्यावर ओवाळीन." बंडू बिचारा साडी काखेत मारून परत गेला. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसल्या. मायनं ते पाहिलं आणि त्या दिवशीच्या भाकऱ्या स्वतःच थापल्या. सून आल्यावर मायनं चुलीपुढे बसणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती.

मैदानात वहिनींचं एकच वाक्य होतं, "दिसलं ते दिलं." कोणी हुज्जत घालायला आला की त्या हात वर करायच्या, हे तीन शब्द बोलायच्या आणि उलट्या पळत निघायच्या. आता पळणाऱ्या माणसाशी भांडणार कसं? बडबड करणारा तिथेच उभा राहायचा आणि खेळ पुढे गेलेला असायचा. एकदा मी बंडूला आईवरून शिवी दिली. लाल कार्ड! मी म्हटलं, "वहिनी, अवो मी..." "इथं कोणी वहिनी नाही. बाहेर व्हा." संध्याकाळी मी फुगून जेवायला बसलो नाही तर गरम भाकरीवर तुपाचा गोळा घालून ताट माझ्यापुढे आणून ठेवलं. "मैदानातलं मैदानात. जेवा. आणि ज्या आईले शिवी दिली ना, तिच्याच हातची सांबारवडी खाता तुम्ही." त्यानंतर मी शिवी सोडली, निदान आईवरची.

त्याच थंडीत दिल्लीला आशियाई खेळ भरले होते. सौंसरात एका बागाईतदाराकडे नवा टीव्ही आला होता. बांबूवर अँटेना, एक जण छतावर ती फिरवायला, आणि खाली अर्धं गाव. नागपूरहून चित्र कधी यायचं, कधी नुसत्या मुंग्या. आपली फुटबॉलची टीम साखळीतून पुढे गेली तेव्हा आम्ही फटाके फोडले. बाद फेरीच्या दिवशी सगळे बॉल पाहत होते; वहिनी मात्र रेफरीला पाहत होत्या, तो कुठून कुठे पळतो, कुठे थांबतो. अगदी शेवटी आपण एक गोल खाल्ला आणि हरलो. घरभर एकच ओरडा, "रेफरीनं मारलं आपल्याले! चोट्टा साला!" वहिनींच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, आणि तशाच त्या म्हणाल्या, "रेफरी बराबर होता. आपण हरलो." लोक अशा नजरेनं पाहायला लागले, जसा गोल यांनीच मारला!

शेवटची मॅच संक्रांतीनंतर, सौंसरच्या मैदानावर, आमची आणि बंडूच्या टीमची. आम्हाला बरोबरी झाली तरी लीग आमची. पांढुर्ण्याला जिंकायलाच हवं होतं. संत्र्याच्या ट्रकमधून त्यांची माणसं आली होती, आमच्याकडचे तर जामसांवलीला मारुतीरायाला नारळ फोडून आले होते. थानेदार साहेब खुर्ची टाकून बसले होते. आणि पहिल्यांदाच, शेजारणींना घेऊन, माय आली होती. बैलगाडीत बसून पाहत होती.

पाच मिनिटं उरली तेव्हा एक-एक. आमच्या गोलसमोर गर्दी झाली, आणि शिट्टी वाजली. आमचा बॅक शेषराव, त्याचा हात बॉलला लागला होता. पेनल्टी. गलका झाला हो! "सून कायची, पांढुर्ण्याची हेर हाय!" असं कोणीतरी ओरडलं आणि माणसं दोरी ओलांडून आत यायला लागली. थानेदार उभे राहिले. मी जवळ होतो म्हणून सांगतो, वहिनींचा वर केलेला हात खाली आला नाही. तेवढ्यात बैलगाडीतून मायचा आवाज आला. त्या आवाजानं आमचे बैलसुद्धा थांबत.

"ए शेषा! लागला का नाही हात?"

शेषरावानं मान खाली घातली. "लागला, मावशी."

"मंग मांगं व्हा सारे! माही सून हाय थे. तिनं म्हटलं लागला, तं लागला!"

माणसं दोरीबाहेर गेली. पेनल्टी घ्यायला बंडू आला. मी उजवीकडे उडी मारली, बॉल डावीकडून आत. पांढुर्णेवाले नाचायला लागले, ढोल वाजला, आणि पुन्हा शिट्टी! बंडूनं मारण्याआधीच त्यांचा एक गडी रेषेच्या आत शिरला होता. गोल रद्द, पुन्हा मारा. आता पांढुर्ण्याची पाळी. त्यांचा कॅप्टन वहिनींच्या अंगावर धावून आला. "बाई, सासूले घाबरली काय?" एका मिनिटात या बाईनं सासरही दुखावलं आणि माहेरही. वहिनी म्हणाल्या, "दिसलं ते दिलं," पण या वेळी पळाल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या.

बंडू पुढे आला आणि कॅप्टनला बाजूला सारून म्हणाला, "ताईनं शिट्टी मारली नं? मंग गप राह्य. मी पुन्हा मारतो."

मी या वेळी डावीकडे उडी मारली आणि बॉल उजवीकडून आत गेला. डोळे दोन्ही वेळा टक्क उघडे होते, त्याचा काही उपयोग झाला नाही. दोन-एक. पांढुर्णा जिंकलं, आम्ही हरलो. आणि देवाशपथ सांगतो, त्या दिवशी सौंसरात एक गोटा उचलला गेला नाही. कोण कोणाला काय म्हणणार? थानेदारांनी वहिनींना कडक सॅल्यूट ठोकला. आधी पांढुर्ण्याच्या लोकांनी "रेफरीबाई की जय" म्हटलं, मग आमच्यांनी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं, कारण त्यात तरी हरायचं नव्हतं.

ट्रक सुटायच्या वेळी माय गाडीतून उतरून तिथे गेली. बंडू शिल्ड घेऊन वर चढत होता. माय म्हणाली, "बंडू, शिल्डच नेतं काय? बहिणीले कोन नेईन?"

वहिनी म्हणाल्या, "आत्याबाई, उद्या शाळा आहे. आणि मी अशी, या कपड्यात..."

"शाळेले सांगीन मी. अन् कपड्याले काय झालं? याच कपड्यात पाह्यलं नं साऱ्या गावानं? दिवाळी गेली, भाऊबीज गेली, संक्रांत गेली, माय वाट पाहून राहिली तुही. जाय. आठ दिवस राह्य."

वहिनी वाकल्या, मायच्या पाया पडल्या आणि उठता उठता तिच्या गळ्यातच पडल्या. दोन गावांसमोर, पांढऱ्या कुडत्यात, गुडघ्याला माती लागलेली. मग बंडूनं हात देऊन त्यांना ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं आणि शिल्ड मांडीवर ठेवली. ट्रक पांढुर्ण्याच्या रस्त्याला लागला. खिडकीतून त्यांचा हात बराच लांबपर्यंत हलताना दिसत होता, आणि हरलेलं अख्खं सौंसर रस्त्यावर उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

मायनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू कायले रडून राहिला बे? गोल खाल्ले म्हणून?"

मी म्हटलं, "हो."