पेट्रोलचा काटा

आमच्या पांढऱ्या अँबेसेडरचा पेट्रोलचा काटा दोन वर्षं रिकाम्यावर होता. टाकी तोंडापर्यंत भरून आणली तरी रिकाम्यावरच. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा ही जुनी गाडी त्यांनी लिलावात घेतली, आणि तिच्यावर जेवढा जीव लावला तेवढा, खोटं कशाला बोलू, घरात कुणावर लावला नाही. रोज सकाळी फडक्याने पुसायचे. मी चहा घेऊन उभी राहिले तर म्हणायचे, तिथं ठेव.

काटा बंद पडला तो टाकीचं काम केल्यापासून. टाकी पाझरायला लागली म्हणून ह्यांनी ती गोंदियाला नेऊन सांधून आणली, वरून चांगला जाड काळा रंग मारून घेतला आणि खडखडू नये म्हणून रबराच्या पट्ट्यांवर बसवली. मी तीस वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. मी म्हटलं, "अवो, मध्ये रंग आला, रबर आलं. टाकीला अर्थिंगच मिळत नसेल."

"शाळा सुटली आता, मॅडम," हे म्हणाले.

मग गोंदियाच्या इलेक्ट्रिशियनने "साहब, मीटर ही गया है" म्हणत समोरचं मीटर बदललं. काटा रिकाम्यावर. मग टाकीतला तरंगता गोळा बदलला. काटा तिथंच. पिकतं तिथं विकत नाही हे मला माहीत होतं, पण घरातल्या घरात इतकं महाग पडेल असं वाटलं नव्हतं. मी गप्प बसले. गाडी त्यांची, हौस त्यांची.

शेवटी ह्यांनी स्वतःची पद्धत काढली. बंपरला धरून गाडी गदगदा हलवायची, टाकीतला आवाज ऐकायचा आणि सांगायचं, "आहे सात लिटर." चोरखमाऱ्याला नोकरीवर असताना हे तलावाच्या पाळीवर उभे राहून, नुसतं पाहून, किती फूट पाणी आहे ते सांगत आणि ते बरोबर निघे. असं हेच सांगतात.

गेल्या डिसेंबरात एका दुपारी माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. आई गेली होती. आई त्याच्याकडे, प्रतापगडाजवळच्या आमच्या गावी; आम्ही सडक अर्जुनीला. सव्वा तासाचा रस्ता. भाऊ म्हणाला, "ताई, लवकर निघ. मसनात लाइट नाही. दिवस बुडायच्या आत न्या लागते."

निघताना मी म्हटलं, आधी पंपावर चला. ह्यांनी गाडी हलवली, कान लावला. "आहे ना भरपूर. कायले घाबरून राहिली? पंपावर गर्दी राहते, उगाच उशीर होईल." त्यांना मला लवकर पोचवायचं होतं, एवढं मी कबूल करते. त्यापुढे कबूल करण्यासारखं काही नाही.

नवेगावबांध मागे पडलं आणि जंगलात गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. हे उतरले आणि पुन्हा गाडी हलवायला लागले. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. बऱ्याच वेळाने अर्जुनी मोरगावकडे जाणारा एक मोटरसायकलवाला थांबला. मागे एकच जागा होती. मी पदर खोचून पुढे झाले, तर हे म्हणाले, "तू कुठं अनोळखी माणसामागे बसून जाऊन राहिली? मी पेट्रोल घेऊन येतो. तू गाडीपाशी थांब." आणि कॅन घेऊन स्वतः बसले. मोटरसायकल माझ्या माहेराच्या वाटेने गेली, आणि मी गाडीची राखण करत उभी राहिले.

भावाचा फोन तीनदा आला. दोनदा मी म्हटलं, "येऊन राहिलो." तिसऱ्यांदा तो म्हणाला, "ताई, दिवस बुडून राहिला. लोकं म्हणून राहिले, उचला. तूच सांग, काय करू?"

ह्यांचा पत्ता नव्हता. ऊन सागाच्या शेंड्याला गेलं होतं.

मी म्हटलं, "उचला."

आम्ही पोचलो तेव्हा बायका आंघोळी करून अंगणात बसल्या होत्या आणि आईची खाट भिंतीला उभी लावलेली होती. हे ज्याला त्याला सांगत होते, "काट्यानं घात केला."

आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी एसटीने गेले. परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी हे बाजारात गेल्यावर गाडीखाली गोणपाट टाकून आडवी झाले. टाकीवरची वायर काढून लांबवर ओढली, पेट्रोलजवळ ठिणगी नको म्हणून, आणि चिमट्याने गाडीच्या उघड्या लोखंडाला लावली. स्विच चालू केला. काटा हळूहळू चढत पार भरलेल्यापर्यंत गेला. म्हणजे मीटर चांगलं, वायर चांगली. स्विच बंद करून ती वायर जागेवर बसवली. मग टाकीच्या स्क्रूखालचा रंग खरवडला, तिथून गाडीच्या सांगाड्यापर्यंत एक हातभर वायर जोडली आणि पुन्हा स्विच लावला. काटा पावाच्या जरा वर येऊन थांबला. सगळं मिळून वीस मिनिटं. एका वायरीवर बल्ब लागत नाही, हे मी आठवीच्या पोरांना शिकवायचे.

हे आले, काटा पाहिला, खाली वाकून वायर पाहिली. मला वाटलं, आता तरी मान खाली घालतील.

"एवढंच होतं?" हे म्हणाले. "मंग तवाच काऊन नाही केलं?"

दोन वर्षांपूर्वी काय म्हटलं होतं ते मी त्यांना ऐकवू शकले असते. पण सांगणं आणि करणं यात फरक असतो, आणि वीस मिनिटांचं काम मी केलं नव्हतं. गाडी त्यांची म्हणून मी तिला हात लावला नव्हता. आई तर माझी होती.